आमची वाटचाल : कार्बोरेटर सगळ्यात शेवटी उघडायचा

बाबांचं गॅरेज इंदूरला जवाहर मार्गाजवळच्या एका गल्लीत होतं, लॅम्ब्रेटा, येझदी, नंतर मारुती ८०० पण, आणि रामबागेत कोणाची स्कूटर अडली की ती ढकलत बाबांकडेच यायची. मी शाळेतून आलो की रॉकेलच्या डब्यात कार्बोरेटरचे जेट, म्हणजे बारीक छिद्रांचे तुकडे, धुवायला बसायचो. पुढे एएमई, म्हणजे विमान देखभालीचं शिक्षण केलं, डीजीसीएचं (विमान वाहतूक महासंचालनालयाचं) लायसन्स मिळालं, काही वर्षं बाहेर नोकरी केली आणि २०११ मध्ये बिजासनच्या बाजूला, विमानतळापासून जवळच एक शेड भाड्याने घेऊन छोट्या पिस्टन इंजिनांचं काम सुरू केलं. मान्यतेची कागदपत्रं, मॅन्युअलं, हत्यारांचं कॅलिब्रेशन यात पहिलं सव्वा वर्ष गेलं, त्यावर जास्त लिहीत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे.

पहिलं मोठं काम आलं सेस्ना १५२ चं. दोन सीटचं ट्रेनर, लायकॉमिंगचं ओ-२३५ इंजिन. तक्रार अशी की आयडलला इंजिन थडथडतं, काळा धूर येतो, प्लगवर काजळी, पण थ्रॉटल दिला की एकदम छान चालतं. मी लगेच कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उतरवला. नीडल-सीट नवीन, गास्केट नवीन, फ्लोटची लेव्हल मोजून बसवली, परत लावलं आणि तेच! पुन्हा उतरवला, पुन्हा तेच, तोपर्यंत आठ दिवस विमान उभं आणि मालकांचे रोज फोन. रात्री घरी जेवताना बाबांना सांगितलं. ते विमानाच्या इंजिनाला कधी हात न लावलेले, पण त्यांनी घास थांबवून विचारलं, "वर नीट चालतं आणि खालीच बिघडतं ना? मग खाली ओढ जास्त असते बघ. कुठून तरी जास्तीचं पेट्रोल खेचलं जातंय, ते कार्बोरेटरच्या बाहेर शोध."

प्रायमर निघाला. थंड इंजिन सुरू करायला कॉकपिटमध्ये हाताचा छोटा पंप असतो, तो पेट्रोल थेट सिलेंडरकडे पाठवतो, त्याची ओ-रिंग झिजली होती. थ्रॉटल बंद असताना मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलेंडरकडे हवा नेणाऱ्या पाइपांत, व्हॅक्यूम सगळ्यात जास्त, म्हणून बंद असलेल्या प्रायमरमधूनही इंजिन पेट्रोल चोखत होतं, आणि थ्रॉटल उघडला की ओढ कमी, मग सगळं ठीक. प्रायमरची लाइन काढून टोपण लावलं आणि इंजिन गुळगुळीत चालायला लागलं. दोन वेळच्या ओव्हरहॉलची मजुरी मी बिलात लावली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे की कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. आधी प्लग बघायचे, काजळी आहे का पांढरट पडलेत, मग १७०० आरपीएमला मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी देणारे दोन जनरेटर, १५२ ला एका मॅग्नेटोवर १२५ पेक्षा जास्त ड्रॉप नको आणि दोघांत ५० पेक्षा जास्त फरक नको, मग कॉम्प्रेशन, मग इनटेकच्या पाइपांचे जोड, तिथे निळा डाग दिसला की समजायचं, कारण १०० एलएल पेट्रोल निळंच असतं. मग आयडलला मिक्श्चरचा (पेट्रोल-हवेच्या प्रमाणाचा) नॉब हळू हळू बाहेर ओढायचा, बंद पडण्याआधी आरपीएम १० ते ५० वर चढला तर बरोबर, त्याहून जास्त चढला तर रिच (पेट्रोल जास्त), चढलाच नाही तर लीन (पेट्रोल कमी). एवढं झाल्यावरही शंका राहिली तरच पान्याला हात घालायचा.

पावसाळ्यातली एक केस मात्र या सगळ्यातूनही सुटत नव्हती. खाली उतरताना इंजिन दम सोडतं आणि जमिनीवर आणलं की काहीच नाही, आम्ही दोन तास चालवून पाहिलं. ही बर्फाची तक्रार. इंदूरला जुलैत बाहेर २४-२५ डिग्री असताना बर्फ कसला, असं आमच्या पोरांना वाटलं, पण पेट्रोलची वाफ होताना आणि व्हेंच्युरीत, म्हणजे कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यात, हवेचा दाब पडताना आतलं तापमान २०-३० डिग्रीनेही खाली येतं, हवा दमट असली की थ्रॉटलच्या पाकळीवर बर्फ धरतो आणि उतरेपर्यंत वितळून जातो, पुरावा काही उरत नाही. त्यासाठीच कार्ब हीट, म्हणजे कार्बोरेटरला गरम हवा देणारी सोय असते. ती ओढली की आरपीएम पडायला हवा, इथे जेमतेम २० पडत होता. केबलचा क्लॅम्प सरकला होता, आत नॉब पूर्ण बाहेर आणि एअर बॉक्समधली झडप अर्धीच उघडलेली. पायलट बिचारा हीट ओढून निर्धास्त बसलेला. ही केस आठवली की मला अजून पोटात कालवतं.

२०२० मध्ये धुराचे नवे नियम, बीएस-६, आले, नव्या दुचाकी इंजेक्शनवर गेल्या आणि बाबांचं गॅरेज आम्ही बंद केलं. त्यांचा जुना मिस्त्री, आमचे काका, आता माझ्याकडे आहेत. मायक्रोलाइटच्या, म्हणजे अगदी हलक्या छोट्या विमानाच्या, रोटॅक्स ९१२ इंजिनाला दोन बिंग कार्बोरेटर असतात, त्या दोघांचा बॅलन्स व्हॅक्यूम गेजवर जुळवायला त्यांच्यासारखा कान नाही, सही अर्थात लायसन्सवाल्याचीच. त्यातले फ्लोट पेट्रोल पिऊन जड होतात, एका कार्बोरेटरचे दोन मिळून ७ ग्रॅमच्या वर गेले की फेकायचे. त्यासाठी काका सराफ्यातून सोनाराचा काटा घेऊन आले, दिवसा गेले होते पण रात्रीची खाण्याची दुकानं लागेपर्यंत थांबून सगळ्यांसाठी गराडू (तळलेला कंद) पण आणले. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि रोटॅक्सला १० पर्यंतच चालतं, म्हणून मापाच्या नळीत पेट्रोल आणि थोडं पाणी घालून हलवतो, खालचा पाण्याचा थर वाढला की तितकं इथेनॉल आहे.

कोणी इंजिन पाठवणार असेल तर एक विनंती. प्लग पुसून, घासून पाठवू नका, कुठला कुठल्या सिलेंडरचा, वरचा का खालचा, ते चिठ्ठी लावून जसेच्या तसे द्या. आणि त्रास चढताना झाला का उतरताना, हवा कशी होती, हीट ओढली होती का, हे पायलटच्याच अक्षरात लिहून द्या.