विज्ञानाचे सर आणि खाडीतली दोरी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकाचं पत्र आलं तेव्हा कोणावर लिहायचं हा प्रश्नच पडला नाही. संमेलनं, कबड्डीची ढाल यांवर इतर लिहितीलच. मी विज्ञानाच्या सरांवर लिहिणार.

उधाणाच्या ओहोटीला सर वर्ग खाडीवर न्यायचे. जेटीच्या दोन खांबांमध्ये बोटाएवढी जाड दोरी पाण्याखाली ताणून बांधायची आणि एकेकानं तिला हात लावायचा. "पाणी सरळ जातंय, मग ही वर-खाली का थरथरते रे?" दोरीमागे एकदा वरून, एकदा खालून भोवरा सुटतो आणि दोरी आळीपाळीनं तिकडे ओढली जाते. हे उत्तर सर कधीच लगेच देत नसत.

हिशेब असा: प्रवाहाचा वेग भागिले जाडी, गुणिले 0.2. सेकंदाला 0.6 मीटर प्रवाहात 12 मिलिमीटरची दोरी सेकंदाला 10 वेळा थरथरते, समुद्रतळावरची 120 मिलिमीटरची वीजकेबल एकदा. खडकाळ तळावर दोन उंचवट्यांमध्ये केबल अधांतरी राहिली आणि त्या टप्प्याची नैसर्गिक वारंवारता (धक्का दिल्यावर तो आपणहून सेकंदाला जितक्या वेळा हलतो ती संख्या) तेवढीच निघाली, की भोवरे तिच्याच तालावर सुटू लागतात. मग प्रवाह थोडा कमीजास्त झाला तरी ताल मोडत नाही. हेलकावा जाडीएवढा होतो. दुखणं उठतं ते बहुधा टेकलेल्या टोकांशी. तिथे पोलादी तारा घासतात, शिशाचं आवरण थकून चिरतं, पाणी आत शिरतं. टप्पा लहान करणं हा खरा उपाय, म्हणजे मधे सिमेंटच्या पिशव्यांचा टेकू किंवा दगडांचा भराव. ते जमत नसेल तिथे मळसूत्री पट्ट्या, म्हणजे केबलभोवती स्क्रूच्या आट्यांसारख्या गुंडाळलेल्या उंच कडा.

त्या पट्ट्याच सरांनी सुतळीनं दाखवल्या होत्या! दोरीवर जाड सुतळीचे तीन पदर, वीतभरात एक फेरा. हात लावला तर थरथर जवळजवळ गेलेली. भोवरे सगळ्या लांबीवर एकदम सुटेनासे होतात. केबलवरही पट्ट्या तीनच, उंची जाडीच्या पाव आणि एक फेरा जाडीच्या 15 पट लांबीत. आपल्या समुद्रात कालवं नि शेवाळ बसून त्या बुजतात आणि गुण जातो, म्हणून खरवडाव्या लागतात.

घारापुरीला 2018 मध्ये समुद्राखालच्या केबलनं वीज पोहोचली, तेव्हा सर फार आठवले. वर्ग आता खाडीवर जात नाही असं कळतं, त्याचं वाईट वाटतं. प्रयोगशाळेसाठी मळसूत्री पट्टीचा तुकडा पाठवत आहे, पण तो कपाटात ठेवू नये. दोरी 12 मिलिमीटरची घ्यावी आणि ओहोटी उधाणाचीच धरावी. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या कमजोर भरती-ओहोटीला, प्रवाह पुरत नाही.