तीन चाळीसची नोंद

समन्सवर वेळ सकाळी अकराची होती, पुकारा झाला साडेतीनला. तोवर नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टाच्या आवारात दोन चहा झाले आणि केसपेपरची झेरॉक्स चौथ्यांदा वाचून झाली.

पेशंट निफाडकडचा, द्राक्षबागायतदाराचा मुलगा. बागेवर फवारायचं औषध प्यायलेला. ऑर्गनोफॉस्फरस गटातलं कीटकनाशक. उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर भादंवि कलम ३०४-अ, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा आरोप, आणि मी सरकारी पक्षाचा तज्ज्ञ साक्षीदार.

सुरुवातीचे उपचार चोख होते, ते मी सरतपासणीतच सांगून टाकलं. दर पाच मिनिटांनी ॲट्रोपिनचा, म्हणजे या विषावरच्या उताऱ्याचा, डोस दुप्पट करत छातीतली घरघर थांबेपर्यंत दिलं होतं. सरकारी वकिलांचा चेहरा जरा उतरला. त्यांना बहुधा वेगळं काही ऐकायचं होतं.

मग तिसऱ्या रात्रीचं पान. ३.४० वाजता सिस्टरची नोंद : ‘नातेवाईक म्हणतात, पेशंटला उशीवरून मान उचलता येत नाही. डॉक्टरांना फोनवर कळवले. ॲट्रोपिन चालू ठेवण्यास सांगितले.’ पुढची नोंद थेट ८.२० ची, श्वास थांबल्याची.

“मानेचा श्वासाशी काय संबंध?” न्यायाधीश साहेबांनीच विचारलं.

यात फसायला होतं ते इथेच. दुसऱ्या दिवशी पेशंट बोलतो, छाती मोकळी असते, घरचे नवस फेडायची भाषा करू लागतात. पण साधारण २४ ते ९६ तासांत स्नायू ढिले पडू शकतात. आधी मान, मग श्वासाचे स्नायू. ॲट्रोपिन घाम, लाळ, छातीतला स्राव आवरतं. या स्नायूंवर त्याचा काही उपयोग नाही. तिथे वेळेवर नळी टाकून व्हेंटिलेटरच लागतो. मान उचलता येत नाही म्हटल्यावर उठून येऊन पेशंट बघायला हवा होता.

“म्हणजे घोर निष्काळजीपणा?” सरकारी वकील.

“वैद्यकीय चूक कुठे झाली ते मी सांगितलं. तिला काय म्हणायचं ते न्यायालय ठरवेल.” फौजदारीत साधी चूक पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ सालीच सांगितलंय.

उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी मागाहूनच्या शहाणपणावरून बरंच ताणलं. शेवटी म्हणाले, “तुमच्या हातून असं कधीच झालं नाही, डॉक्टर?”

“झालंय. रेसिडेंट असताना. माझ्या सरांनी वेळेत पाहिलं म्हणून पेशंट वाचला.”

ते खाली बसले.

बाहेर जिन्यापाशी मुलाचे वडील उभे होते. टोपी हातात.

“साहेब, मान धरत नाही म्हणून मीच सांगितलं होतं त्या रात्री. ते कागदावर हाये का?”

“आहे, बाबा. तीन चाळीसला. सिस्टरनी लिहिलंय.”

“लिहिलं होय,” ते म्हणाले, आणि टोपी डोक्यावर ठेवून स्टँडकडे चालू लागले.