कोन वाढवला आणि पकड गेली

ट्रॅक डेला, म्हणजे हौशी चालक आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवतात त्या दिवशी, येणाऱ्या गाड्यांचे सस्पेन्शन आणि विंग (हवेच्या जोराने गाडी रस्त्यावर दाबणारा पंख) जुळवून देणे हे माझे काम आहे. त्या दिवशी सकाळच्या दुसऱ्या सत्रानंतर एक कूपे पिटमध्ये आली आणि मागची विंग आणखी एक छिद्र तिरकी करून द्या, असे तिच्या मालकांनी सांगितले. वेगाच्या लांब वळणात गाडीचा मागचा भाग सुटत असल्याने त्यांनी स्वतःच टप्प्याटप्प्याने कोन वाढवत नेला होता. पहिल्या दोन टप्प्यांत गाडी सुधारली. शेवटच्या टप्प्यानंतर मात्र मागचा भाग पुन्हा अस्थिर झाला आणि भरीस भर म्हणून नाकही वळणाबाहेर जाऊ लागले. मला आधी टायरचीच शंका आली, परंतु गरम टायरमधील हवेचा दाब योग्य निघाला. शिवाय हळू वळणांत गाडी अगदी शहाण्यासारखी वागत होती. डाउनफोर्स, म्हणजे हवेचा गाडीला खाली दाबणारा जोर, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ताशी 180 किलोमीटरला विंग जेवढा दाब देते, त्याचा जेमतेम नववा हिस्सा 60 ला मिळतो. म्हणजे दोष विंगकडेच शोधायला हवा होता.

मालक गेज एंडप्लेटच्या, म्हणजे विंगच्या टोकावरील उभ्या पट्टीच्या, कडेवर ठेवून कोन मोजत होते. गाडी सपाट जागी उभी करून, पंखाची पुढची कड आणि मागची कड जोडणाऱ्या रेषेवर मी मोजले, तेव्हा त्यांचे 10 अंश प्रत्यक्षात 15 भरले. मग पंखाच्या खालच्या पृष्ठभागावर लोकरीचे बोटभर दोरे चिकटपट्टीने लावले आणि मागच्या काचेच्या आत कॅमेरा बसवला. खालच्याच बाजूला, कारण गाडीची विंग हा विमानाचा उलटा केलेला पंख असतो आणि हवेचा प्रवाह पृष्ठभाग सोडतो तो तिथेच.

चित्रणात दोन्ही टोकांचे दोरे ताणलेले होते, पण मधले सैरभैर फडफडत होते आणि काही तर चक्क पुढे वळले होते. छपरावरून येणारी हवा मागच्या काचेवर खाली उतरत असल्याने पंखाच्या मध्यभागाला ती वरून येऊन भिडते, आणि तिथला खरा कोन मोजलेल्या कोनापेक्षाही जास्त होतो. मधला भाग स्टॉल झाला होता, म्हणजे हवेचा प्रवाह तिथे पृष्ठभागापासून सुटला होता. त्यामुळे डाउनफोर्स घटला, हवेचा विरोध मात्र वाढला, आणि इतक्या उंचीवरून मागे ओढणारा तो विरोध पुढची चाकेही हलकी करत होता.

मी कोन 9 अंशांवर आणला. दुसरे काहीच बदलले नाही.

“अहो, मागचा भाग सुटतोय आणि तुम्ही कोन कमी करताय?” मालक नाराजीने म्हणाले.

“तीन फेऱ्या करून या. पहिली सावकाश,” मी म्हणालो.

ते परतले तेव्हा दोरे काय सांगतात ते पाहण्याआधीच त्यांच्या चेहऱ्यावरून निकाल कळला. मागचा भाग स्थिर होता, नाक वळत होते आणि सरळ पट्ट्यावर ब्रेक लावण्याआधीचा वेगही वाढला होता.

मात्र विंगचे बोल्ट तपासताना डिकीच्या झाकणाचा पत्रा आधाराच्या पायाशी दबलेला आणि एका छिद्रापासून केसाएवढा तडकलेला दिसला. 1969 च्या स्पॅनिश ग्राँ प्रीमध्ये लोटस संघाच्या दोन्ही गाड्यांच्या उंच विंग मोडून अपघात झाले होते, हे या धंद्यातला कोणी विसरत नाही. खाली भक्कम प्लेट बसवल्याशिवाय गाडी वेगात सोडणार नाही, असे मी स्पष्ट सांगितले. दुपारची दोन सत्रे बाकी असूनही त्यांनी हुज्जत न घालता हेल्मेट पिशवीत ठेवले.