पानी उबा व्हता
घराच्या भिंतीवर रेघ होती. जमिनीपासून 1 मीटर 12 सेंटिमीटर. दरवर्षी रंग देताना घरचे तेवढी रेघ सोडून देतात, त्यामुळे निळ्या भिंतीवर ती मळकट पांढरी पट्टी लांबूनही दिसते. 26 जुलै 2005 चं पाणी इथवर आलं होतं.

मला तर लॉटरीच लागली. खारघरच्या डोंगरातून उतरून खाडीला मिळणाऱ्या एका ओढ्यावरची जुनी मोरी पाडून तिथे नवा छोटा पूल व्हायचा होता, आणि पुराच्या वेळी त्याखालून किती पाणी जाईल हे आमच्या बेलापूरच्या ऑफिसने सांगायचं होतं. मोजणी केंद्रं असतात मोठ्या नद्यांवर. उल्हास नदीवर बदलापूरला केंद्रीय जल आयोगाचं आहे. पण ते आकडे क्षेत्रफळाच्या प्रमाणात कापून इथे चिकटवता येत नाहीत. उल्हासचं पाणलोट शेकडो चौरस किलोमीटरचं, तिचा पूर चढायला तास लागतात. माझा ओढा 6 चौरस किलोमीटरचा. कड्यावर पडलेला थेंब मोरीपाशी पोचायला माझ्या हिशेबाने 34 मिनिटं.

अशा न मोजलेल्या ओढ्यानाल्यांसाठी जगभरच्या जलशास्त्रज्ञांनी 2003 ते 2012 असं अख्खं दशक वाहिलं होतं. अलीकडे यंत्रशिक्षणवालेही (मशीन लर्निंग) आलेत. आमच्या ऑफिसातल्या नव्या मुलाने मला मोठ्या उत्साहाने 2019 चं एक काम दाखवलं होतं: अमेरिकेतल्या 531 खोऱ्यांवर शिकवलेलं मॉडेल, जे कधीच न पाहिलेल्या खोऱ्याचा प्रवाहही चांगला सांगतं. काम खरंच देखणं आहे. पण ते शिकलंय रोजच्या सरासरीवर. आमचा ओढा सकाळी भरून दुपारी रिकामा होतो, रोजच्या सरासरीत तो दिसणार कुठून?

म्हणून जुनीच हत्यारं काढली. सह्याद्रीच्या बाजूला सगळे वापरतात ते इंग्लिसचं सूत्र, त्यात फक्त क्षेत्रफळ घालायचं. आलं 184 क्युमेक, म्हणजे सेकंदाला 184 घनमीटर. मग रॅशनल पद्धतीने, म्हणजे पावसाचा जोर आणि क्षेत्रफळ यांवरून, तासाला 100 मिलिमीटर पाऊस धरून केलं, तर 117. दोघांत एवढं अंतर, आणि साहेबांना हवा एकच आकडा. खरा पूर कुठवर आला होता ते सापडलं तर पंचाईत मिटेल, म्हणून मे महिन्याच्या उन्हात ऑटो लेव्हल आणि स्टाफ (उंची मोजायची दुर्बीण नि पट्टी) घेऊन गावठाणात आले होते. रेघेच्या पातळीला ओढ्याचा आडवा छेद घेतला, तळाचा उतार घेतला (250 ला 1), आणि छेद, उतार नि पात्राचा खडबडीतपणा यांवरून प्रवाह काढणाऱ्या मॅनिंगच्या सूत्रात घातलं. 230.

घरचे आजोबा ओट्यावर बसून जाळं विणत होते. मी फोनच्या कॅल्क्युलेटरवर तिसऱ्यांदा तेच गणित करतेय हे बघून म्हणाले, "काय गो पोरी, जमत नाय काय?"

म्हटलं, "आजोबा, त्या दिवशी इथून पाणी फार जोरात गेलं असणार."

"कोन बोलला? पानी धावत नव्हता. उबा व्हता."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी हातातली सुई खाली ठेवून सांगितलं. अंगणातली दोन पिंपं तरंगली, पण वाहून गेली नाहीत. अंधार पडेपर्यंत अंगणातच गरगरत होती. भाताचा कोंडा भिंतीला चिकटून राहिला. त्यांचं बोट पिंपांसारखं हवेत गोल फिरत होतं.

"खाडी भरलेली ना. आकाडातली वद्य पंचमी का सष्टी असंल. तिथीची पाऊनपट कर."

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ: पंचमी असेल तर पावणेचार, षष्ठी असेल तर साडेचार. त्या दुपारची मोठी भरती चारच्या सुमाराचीच होती. सांताक्रूझला त्या 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. भरती किती वाजताची होती हे मात्र रेघ बघताना मला आठवलंच नाही, आणि हे नवी मुंबईत, जिथे धारण तलाव बांधलेत तेच मुळी भरतीत पाणी थोपवायला.

मॅनिंगच्या सूत्रात उतार लागतो तो पाण्याच्या पृष्ठभागाचा. तो मिळत नाही म्हणून आपण तळाचा घालतो आणि पुढे जातो. पाणी उभं असेल तर पृष्ठभागाला उतार कुठला? माझे 230 म्हणजे तुंबलेलं पाणी मी कागदावर पळवलं होतं.

"धावता पानी बगायचा तर वर चल," म्हणत आजोबा स्लीपर घालून निघालेसुद्धा. अर्धा किलोमीटर वर, जिथे भरतीचं पाणी पोचत नाही, तिथे गावदेवीच्या देवळाला ओढ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. त्या दिवशी पाणी तिसऱ्या पायरीवर आपटत होतं आणि शेजारचा गडगा, म्हणजे दगडी बांध, त्यानेच नेला, असं त्यांचं म्हणणं. गडग्याचे दगड अजून खाली पात्रात पडलेले आहेत, मोठाल्या कलिंगडांएवढे. असे दगड उभं पाणी हलवत नाही. तिथे दोन तास खपून छेद घेतला: 126.

रॅशनलच्या जवळ आला म्हणून हुरळून जायचं कारण नव्हतं. पात्राच्या खडबडीतपणाचा गुणांक मी 0.05 धरला होता. 0.06 धरला की तोच आकडा 105 होतो, आणि तिथले दगडगोटे नि करवंदीच्या जाळ्या बघून यातलं काहीही बरोबर म्हणता येतं. तिसरी पायरी ही वीस वर्षांपूर्वीची आठवण, हेही आहेच.

अहवालात मी दोन गोष्टी वेगळ्या लिहिल्या. पुलाखालचा गाळा किती रुंद हवा हे वरच्या पायऱ्यांवरून, आणि स्लॅब किती उंच हवा हे खालच्या रेघेवरून. साहेब म्हणाले, "मॅडम, एकच आकडा द्या ना, क्लायंट गोंधळतो." आमची थोडी वाजली. शेवटी दोन्ही राहिले.

निघण्यापूर्वी मोरीच्या खांबावर ऑइलपेंटने दहा-दहा सेंटिमीटरच्या खुणा केल्या होत्या. आजोबांचा नातू पावसाळ्यात त्याचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो, वेळ टाकून. ऑगस्टमध्ये एक आला. पाणी 1.40 वर, आणि मागे कोरडं ठणठणीत ऊन. मी घाईघाईने पावसाचे आकडे उघडत होते, तेवढ्यात खाली मेसेज आला: "आजा बोलतो पाऊस शोधू नको, उधान हाय."