124व्या रस्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातली मिलवॉकी आणि वॉकेशा ही दोन शहरं एकमेकांपासून मोटारीनं अर्ध्या तासावर आहेत. वाटेत 124वा रस्ता लागतो, तीच दोन काउंटींची, म्हणजे जिल्ह्यांची, हद्द. तो ओलांडताना डोळ्यांना काही वेगळं दिसत नाही. पण 2020च्या अध्यक्षीय निवडणुकीत रस्त्याच्या पूर्वेला, मिलवॉकी काउंटीत, सुमारे 69 टक्के मतं बायडेन यांना पडली आणि पश्चिमेला, वॉकेशा काउंटीत, जवळपास 60 टक्के ट्रम्प यांना. सगळ्या राज्याचा निकाल मात्र 21 हजारांहून कमी मतांनी लागला.

माझी लेक वॉकेशात राहते. मी इंदूरला परतले की मैत्रिणी हमखास विचारतात, "तिकडचे लोक कोणत्या पक्षाचे गं?" त्यांना वाटतं, एका शहरातली माणसं मुळातच उदारमतवादी आणि दुसऱ्यातली कर्मठ असणार. मला हे अजिबात पटत नाही. कोण कुठे राहू शकलं, हे आधी ठरलं. मतं त्यामागून आली.

मिलवॉकीबद्दल वाचायला लागले तेव्हा मला आमचं जुनं इंदूर आठवत राहिलं. कारखान्यांचं, कामगारांचं, युनियनचं गाव. 1910 साली या शहरानं एमिल सायडेल नावाचा समाजवादी महापौर निवडला. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या शहराचा तो पहिला समाजवादी महापौर. त्याच वर्षी व्हिक्टर बर्गर समाजवादी म्हणून अमेरिकी संसदेवर निवडून आले. 1912ला दोन्ही मोठ्या पक्षांनी एकत्र येऊन सायडेलना पाडलं, पण पुढे डॅनियल होन 1916पासून 24 वर्षं महापौर राहिले आणि फ्रँक झाइडलर 1948 ते 1960. ही मंडळी क्रांतीपेक्षा गटारं, नळ, बागा आणि सार्वजनिक आरोग्याच्या गोष्टी जास्त करत. त्यांचेच इतर समाजवादी भाऊबंद त्यांना चिडवत की तुम्हाला गटारांपलीकडे काही सुचत नाही. 2017पासून स्वच्छतेत पहिल्या नंबरावर राहिलेल्या शहरात मी राहते. नगरपालिकेनं गटारं नीट ठेवणं हे केवढं मोठं राजकारण आहे, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

माझे वडील हुकुमचंद मिलच्या साचेखात्यात होते. 1962 साली होमी दाजींसारखा कम्युनिस्ट नेता इंदूरमधून लोकसभेवर गेला, तो आमच्यासारख्या घरांच्या जोरावर. पुढे 1989पासून याच इंदूरनं सुमित्राताई महाजनांना सलग आठ वेळा निवडून दिलं. मधल्या काळात, 1991 साली, मिल बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न सुटायला 2023चा डिसेंबर उजाडला. पण नंदानगर, परदेशीपुऱ्यातली कितीतरी कुटुंबं त्याच गल्ल्यांत राहिली. लाल बावट्याच्या मिरवणुकीत जाणाऱ्यांची मुलं-नातवंडं आता कमळावर शिक्का मारतात. आमच्याकडे माणसं जागच्या जागी राहिली आणि मत बदललं.

मिलवॉकीत माणसंच हलली. 1960 साली तिथे 7 लाख 41 हजार लोक होते, 2020 साली 5 लाख 77 हजार. नव्या महामार्गांवरून गोरी कुटुंबं पश्चिमेला उपनगरांत गेली. काळ्या कुटुंबांना ती वाट मोकळी नव्हती. अनेक ठिकाणी जमिनीच्या दस्तऐवजातच अट असे की घर गोऱ्यांखेरीज कुणाला द्यायचं नाही. कायद्यानं त्या अटींचं बळ गेल्यावरही घरमालक आणि दलाल करायचं ते करतच राहिले.

मिलवॉकीतल्या 16व्या रस्त्याच्या उड्डाणपुलावरून मी लेकीबरोबर चालत गेले आहे. तिनं आधी "आई, तिथे बघण्यासारखं काही नाही गं" असं सांगून पाहिलं. पूल लांबलचक, खाली मेनोमनी नदीचं खोरं, कारखान्यांची जुनी जागा. उत्तरेला काळ्यांची वस्ती, दक्षिणेला तेव्हा गोऱ्या, बहुतेक पोलिश कामगारांची. ऑगस्ट 1967मध्ये फादर जेम्स ग्रोपी आणि काळी तरुण मुलं हा पूल ओलांडून दक्षिणेला गेली. मागणी एकच, घर कुठेही घेता आलं पाहिजे. पलीकडे हजारोंचा जमाव दगड-बाटल्या घेऊन उभा होता. मोर्चे 200 दिवस चालले. नगर परिषदेत हाच ठराव व्हेल फिलिप्स 1962पासून मांडत होत्या आणि दर वेळी बाजूनं एकच मत पडायचं, त्यांचं स्वतःचं. पुलाला आता ग्रोपींचं नाव आहे. मी कठड्याला हात लावून बराच वेळ उभी होते. दगड मारणारेही कामगारच होते, युनियनवाले होते, याचं वाईट वाटत राहिलं.

झाइडलरना आसपासची गावं शहरात सामील करून घ्यायची होती, म्हणजे बाहेर गेलेल्यांचा करही शहराला मिळाला असता. उपनगरांनी स्वतंत्र नगरपालिका काढून शहराभोवती कडं केलं. 1955च्या एका राज्य कायद्यानं त्यांना ती मुभा मिळाली. इथे इंदूरनं 2014मध्ये 29 गावं पालिकेत घेतली. त्या गावांच्या रस्त्यांच्या तक्रारी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. पण त्यांचा आणि मध्यवस्तीतल्या राजवाडा भागाचा महापौर एकच, भांडायचं ते एकाच सभागृहात. मिलवॉकी-वॉकेशाला तसं सभागृहच नाही.

आता पाण्याचं. वॉकेशा एकेकाळी झऱ्यांचं गाव म्हणून प्रसिद्ध होतं. लांबून लोक तिथलं पाणी प्यायला येत. 1892 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी तिथून नळ टाकायला माणसं आली, तर गावकऱ्यांनी त्यांना पिटाळून लावलं. त्याच वॉकेशाच्या खोल विहिरींत पुढे रेडियम सापडलं आणि मिलवॉकी ज्याच्या काठी आहे त्या मिशिगन सरोवराचं पाणी मागायची वेळ आली. शहर सरोवराच्या खोऱ्याबाहेर पडतं, म्हणून 2008च्या करारानुसार पंचमहासरोवरांकाठच्या आठही राज्यांची संमती लागली. ती 2016मध्ये मिळाली. एकानंही नकार दिला असता तर सगळंच अडलं असतं. उपनगरांना पाणी हवं असेल तर परवडणारी घरं आणि बससेवेचं काय करता ते सांगा, असा आग्रह मिलवॉकीच्या नगरसेवकांनी धरला होता. मला तो रास्त वाटतो. शेवटी 2017मध्ये मिलवॉकीशी करार झाला, ऑक्टोबर 2023मध्ये पाणी आलं. वापरलेलं पाणी शुद्ध करून रूट नदीतून सरोवरात परत सोडावं लागतं.

लेकीच्या तळघरात पाणी मऊ करायचं यंत्र आहे. विहिरीच्या जड पाण्यासाठी मिठाच्या पिशव्या जावई उचलून आणायचे. सरोवराचं पाणी आल्यापासून मीठ फारच कमी लागतं.

बदल होतच नाही असंही नाही. वॉकेशा काउंटीत 2012ला रिपब्लिकन उमेदवाराला 67 टक्के मतं होती. 2020ला त्यातली सातेक टक्के गेली. शहराचे तेव्हाचे महापौर शॉन रायली यांनी अमेरिकी संसदेवरच्या 6 जानेवारी 2021च्या हल्ल्यानंतर रिपब्लिकन पक्ष सोडला, आणि 2024ला कमला हॅरिसना मत देणार असं उघड सांगितलं. अशा गावात हे म्हणायला धैर्य लागतं.

जावयांचं म्हणणं, लोक शाळा आणि घराची किंमत बघून जागा निवडतात, त्यात राजकारण कुठे आलं? मी त्यांना म्हटलं, मिलवॉकीच्या उत्तर भागातल्या एखाद्या बाईला तुमच्या ऑफिसात नोकरी लागली आणि तिच्याकडे गाडी नसली, तर ती सकाळी आठला कशी पोचेल, ते मला बसचं वेळापत्रक काढून दाखवा.