सही जुळत नाही

परवा दुपारी बँकेतल्या मुलीनं माझा चेक परत सरकवला. "काका, सही जुळत नाहीये." चाळीस वर्षं मीच करतोय म्हटलं. तिनं कोऱ्या कागदावर तीन सह्या करायला लावल्या. तिन्ही तीन तऱ्हेच्या आल्या. "बसा जरा, साहेब जेवायला गेलेत."

बाकावर बसल्या बसल्या आजोबांची फाईल आठवली. पुढाऱ्यांच्या सह्यांची, निळ्या पुठ्ठ्याची, नाडी बांधलेली. सगळ्यात वर गांधीजी. हरिजन फंडासाठी बापू सहीचे पाच रुपये घेत. ते पाच रुपये आजोबांनी कुठून आणले, यावर आजीचा शेवटपर्यंत संशय होता.

खाली दिल्लीतल्या एका मराठी मंत्र्यांचं पत्र. टाईप केलेल्या दोन ओळी, आभारी आहे वगैरे, आणि निळ्या शाईत झोकदार सही. मी आठ वर्षांचा. शेजारचा दादा म्हणाला, मंत्री कुठले सह्या करतात, शिक्के असतात शिक्के! झालं. घर वामकुक्षीत असताना फाईल काढली, बोट जिभेला लावलं आणि सहीवरून फिरवलं. शेपटीची शाई पसरली. खरी होती!

आजोबा ओरडले नाहीत. पत्र उजेडाकडे धरून बघत राहिले. पुढे पाहुणे आले की तोच डाग दाखवायचे. "अस्सल आहे, बघा."

शिवाजी महाराजांना हा ताप नव्हता. पत्राच्या माथ्यावर 'प्रतिपच्चंद्रलेखेव'ची मुद्रा, शेवटी 'मर्यादेयं विराजते'चं मोर्तब, की काम झालं. मजकूर चिटणिसाच्या हातचा का असेना. आणि २४ जानेवारी १९५० ला राज्यघटनेवर सह्या झाल्या, तेव्हा नेहरूंनी आधी करून टाकली. अध्यक्ष राजेंद्रबाबूंना वरच्या चिंचोळ्या जागेत तिरकी बसवावी लागली. माझी सगळ्यात आवडती सही तीच. लग्नाच्या पंगतीत उशिरा आलेल्या यजमानासारखी.

साहेब आले. नवा फॉर्म आला, दोरीनं बांधलेलं पेन आलं. "सोपी करा काका, नेहमी जमेल अशी." जीव ओतून केली. कागद वळवून देताना करंगळी घासली.

मुलीनं फॉर्म उजेडाकडे धरला.

"पसरली की हो! थांबा, दुसरा देते."