तीनला एक की दोनला एक?

मंगळवार, सकाळची बॅच संपल्यावर

फ्रीस्टाइल पोहताना किती हातांनी श्वास घ्यायचा, हा प्रश्न आज पुन्हा निघाला. नवशिक्याला पहिल्याच महिन्यात ‘तीनला एक’, म्हणजे दर तीन हातांमागे एक श्वास, असं सांगून मोकळं होतात. त्यात तथ्य आहे. आळीपाळीने दोन्हीकडे श्वास घेतला की अंग दोन्हीकडे सारखं वळतं, मान एकाच बाजूला आखडत नाही. पण हिशेब बघा: मिनिटाला ६० हात पडत असतील, तर तीनला एक म्हणजे २० श्वास, दोनला एक म्हणजे ३०. जोर लावल्यावर ते १० श्वास कुठून आणायचे? केटी लेडेकी टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिंपिकची १५०० मीटरची सुवर्णपदकविजेती. ती बहुतेक वेळ एकाच बाजूने, दोनला एक घेते. तेव्हा दोनला एक म्हणजे कच्चं पोहणं, हा समज सोडलेला बरा.

आकडा ठरवण्याआधी उच्छ्वास तपासावा. २५ मीटरला धापा टाकणारे बरेच जण तोंड पाण्यात असताना श्वास कोंडून ठेवतात. कार्बन डायऑक्साइड साठतो, छाती घुसमटते. मग तोंड वर आलं की त्या अर्ध्या सेकंदात आधी सोडायचं आणि मग घ्यायचं, दोन्ही कामं उरकायची असतात. ती उरकत नाहीत. तोंड पाण्यात गेल्या क्षणापासून नाकातोंडातून बुडबुडे चालू हवेत, शेवटी एक जोराची फुंकर, की लगेच मान वळवायची. हे जमेपर्यंत तीन, चार, पाच सगळे आकडे फुकट.

मान वळवायची, उचलायची नाही. विहिरीत शिकलेल्यांना हे फार जड जातं, त्यांचं डोकं वरच राहतं आणि पाय खाली जातात. गॉगलची एक काच पाण्यात, एक बाहेर. डोकं पुढे सरकताना गालापाशी पाण्याला खळगा पडतो, तोंड त्याच खळग्यात उघडायचं. श्वास घेताना पुढचा हात बघा: तो खाली दबला किंवा नाकासमोरून पलीकडे गेला, तर दोष हाताचा आहे, आकडा बदलून सुटणार नाही.

नवशिक्यांना आमचा सल्ला: दोनला एकच घ्या, पण जाताना उजवीकडे आणि येताना डावीकडे. म्हणजे दोन्ही वेळा टाकीची तीच भिंत दिसते. वेगळी भिंत दिसली, की बाजू चुकली. ते बसलं की दोन-तीन: उजवीकडे दोन श्वास, मग तीन हात, मग डावीकडे दोन.

५० मीटरच्या शर्यतीत मुरलेले एखाददुसरा श्वास घेतात, कधी तोही नाही. २०० पासून पुढे दोनला एक. टर्नच्या आधीचा शेवटचा आणि भिंत सोडल्यावरचा पहिला हात बिनश्वासाचा ठेवावा. तिथे मान वळली की भिंतीला पाय मारून मिळालेला वेग तिथेच संपतो.

स्वतःसाठी ठरवताना ५० मीटर सहा वेळा, प्रत्येक पद्धतीने दोनदा, सारख्याच जोराने. दरवेळी हात मोजा, घड्याळ बघा. वेळ तीच आणि हात तीन-चारने वाढले, तर ती पद्धत तुमची नव्हे. आणि श्वास लांबवण्याची पैज लावू नये. आधी भराभर श्वास घेऊन बुडी मारली की पाण्यातच शुद्ध हरपू शकते.

समुद्रात बाजू आपण निवडत नाही, लाट निवडते. कोकणात किनारा धरून दक्षिणेला निघालं की लाट उजवीकडून येते, म्हणून श्वास डावीकडे, जमिनीच्या अंगाला. पण सकाळी सातचं ऊनही त्याच अंगाने पाण्याला चिकटून येतं. गडद काचेचा गॉगल नसेल तर किनाऱ्यावरची खूण दिसत नाही. परतताना सगळं उलट. ज्याला फक्त डावीकडेच श्वास येतो, तो जाताना मजेत जातो आणि येताना खारं पाणी पितो.